डॉक्टर स्लोन यांच्या दाराबाहेर

वर्लीनमावशीचा राग मला अजून येतो. सव्वीस वर्षं एकच डॉक्टर, म्हाताऱ्यांचा सरकारी विमा मेडिकेअर आणि त्याच्या जोडीला पुरवणी विमा, सगळं सुरळीत चाललं होतं. मग चर्चच्या तळघरात तळलेल्या कोंबडीचं जेवण ठेवून एक पोरगा विम्याची नवी योजना विकायला आला. दात फुकट, चष्मा फुकट. मावशीनं विचारलं काय, तर "तू कोणाचा रे?" गावातल्या होबर्टचा नातू निघाला. झालं, केली सही. आमच्या डोंगरात ओळखीच्या घरच्या पोराला कोणी नाही म्हणत नाही.

जुना विमा तिनं सोडून दिला आणि नवी योजना ज्यांचे पैसे देते त्या डॉक्टरांच्या यादीत तिचे डॉक्टर स्लोन नव्हतेच. मी वृद्धांच्या केंद्रात असले कागद भरून देते, म्हणून यादी घेऊन ती माझ्याकडे आली. यादीतला पहिला डॉक्टर दीड तासाच्या वाटेवर. दुसरा नवे पेशंट घेत नव्हता. तिसऱ्याच्या दफनाला आम्ही दोघी गेलो होतो.

"त्याच्याकडे लगेच नंबर लागेल," मावशी म्हणाली.

पण हसताना तिला धाप लागली.

पुरवणी विमा परत मागितला तर कंपनीनं हृदयाबद्दल विचारलं आणि नकार कळवला. राहिला एकच रस्ता. उत्पन्न कमी असलेल्यांचा, मेडिकेअर देत नाही तो वरचा खर्च राज्य उचलतं, त्यासाठीचा अर्ज. मंजूर झाला की साध्या मेडिकेअरवर परतायचं, आणि मग स्लोनही चालतील.

"म्हणजे सरकारचं फुकट खायचं. माझ्या नवऱ्यानं, बर्चेलनं, जन्मात नाही खाल्लं," मावशी म्हणाली.

"बर्चेलकाकांची फुप्फुसं कोळशाच्या खाणीनं खाल्ली, ते चाललं होय?"

तिनं सही केली. उत्तराला दीड महिना लागणार होता.

तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "पोरी, मला जरा स्लोनांच्या दवाखान्यापाशी ने. आत नाही जायचं. पाचला ते बाहेर येतात." मी गाडी काढली. नवऱ्याच्या शेवटच्या रात्री उशाशी बसलेला तो माणूस. बर्चेलचं नाव काढल्यावर घड्याळाकडे न बघणारा दुसरा कोणी तिला उरला नव्हता.

आम्ही गाडीत बसून राहिलो. स्लोन बाहेर आले, आम्हाला बघून थेट खिडकीशी आले.

"वर्लीनबाई, श्वास कसा आहे?"

"उत्तम," ती धडधडीत खोटं बोलली.

त्यांनी खिडकीतून तिचं मनगट धरलं. "यंदा बर्चेलच्या टोमॅटोंचं काय?"

"लावले आहेत. त्याचंच बी. पण त्याच्यासारखे नाही येत हो." ती बोलत राहिली, ते ओठांतल्या ओठांत मोजत राहिले. मग त्यांचा चेहरा बदलला.

"उद्या सकाळी या. यादीचं मी बघतो."

"कागद आला की येईन. फुकट नाही यायचं मला."

"वर्लीनबाई, वाट बघण्यासारखे ठोके नाहीत हे."

तिनं मान खाली घातली. डोळे भरून आले होते, पण हात काढून घेतला नाही. "मोजून झालं का?" तिनं हळूच विचारलं.

"झालं."

"मग अजून थोडं मोजा," मावशी म्हणाली.