डिस्कनाथांची फुंकर

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, खिडक्यांच्या कठड्यांवरही माणसं चढून बसली. कुणाच्या हातात पेनड्राइव्ह, कुणाच्या हातात बंद पडलेला मोबाइल. एका आजोबांनी तर चक्क मिक्सर आणला होता.

व्यासपीठावर डिस्कनाथ महाराज! हे नाव भक्तांनी दिलेलं. त्याआधी स्वारी काय करत होती हे विचारणं म्हणजे पाप. समोर जमिनीपर्यंत कापड सोडलेलं टेबल, त्यावर जुनापुराणा कॉम्प्युटर आणि मागे भिंतभर पडदा.

"बाळांनो, ही तीन टीबीची डिस्क. पडद्यावर किती दिसते?"

"साडेसातशे जीबी!" सभागृह ओरडलं.

"उरलेली जागा कुणी गिळली? वाचा, इथे लिहिलंय. पार्टिशन! म्हणजे काय?"

"वाटणी!"

"ज्या घरात भांडून वाटणी झाली, त्या घरच्या डिस्कला वाटणीचा दोष लागतो. डिस्क मोठी, पण तिचं मन लहान होतं!"

आता न भांडता वाटणी झालेलं घर मला कुणी दाखवावं. अर्धं सभागृह डोळे पुसू लागलं. महाराजांनी गाल फुगवले, डिस्कवर फुंकर मारली, पडदा क्षणभर काळा झाला आणि झळकले जवळपास तीन टीबी! टाळ्यांनी छत तेवढं उडायचं राहिलं. मिक्सरवाले आजोबा चार जणांना ढकलून पुढे सरकले.

मी पोट धरून हसले असते. पण रांगेत सगळ्यांच्या पुढे माझी सख्खी ताई उभी होती.

ताईचा फोटो स्टुडिओ आहे. भाऊजी गेल्यावर तिची आणि दिराची वाटणी झाली, बोलणं तुटलं. दिराने नवा कॉम्प्युटर नेला. ताईकडे दुकान, जुना कॉम्प्युटर आणि भाऊजींची तीन टीबीची डिस्क राहिली. भाचीच्या पहिल्या पावलापासून सगळं शूटिंग त्या डिस्कवर होतं, भाऊजींचा आवाजही तेवढ्यातच उरला होता. दुसरी प्रत नाही. ताईने ती जुन्या कॉम्प्युटरला जोडली, तर साडेसातशेचीच दिसली, फोटो गायब, आणि वर प्रश्न: डिस्क कोरी करू का? मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. पण पिकतं तिथे विकत नाही. मला न विचारता बाईसाहेब इथे हजर! शेजारणीने सांगितलं तेव्हा मी धावत आले.

"ताई, आधी मला बघू दे."

"तू गप्प बस गं. आमची वाटणी झाली हे महाराजांना कुणी सांगितलं होतं?"

"अगं, ती सगळ्यांचीच होते!"

तोवर डिस्क टेबलावर पोचलीसुद्धा. महाराजांनी ती जोडली आणि मान हलवली. "बाधा जबर आहे. आधी शुद्धी, मग फुंकर."

शुद्धी म्हणजे पडद्यावरच्या त्या प्रश्नाला 'हो' म्हणणं. त्यांचा हात माऊसकडे गेला. त्याच वेळी मघाचं काहीतरी आठवलं. फुंकर मारताना टेबलाखाली 'टक्' वाजलं होतं.

"महाराज, एक शंका!" मी ओरडले. "सिद्धपुरुष मांडी घालून बसतात. तुमचे पाय खाली कसे? मांडी घालून एकच फुंकर मारा, शुद्धी नंतर."

"पोरगी बरोबर बोलते," मिक्सरवाले आजोबा म्हणाले. "महाराज, मांडी घाला!"

झालं! सगळं सभागृह टाळ्यांच्या तालावर सुरू झालं, "मांडी घाला! मांडी घाला!" बिचाऱ्यांनी खुर्चीवर कशीबशी मांडी ठोकली. फूं! पडदा ढिम्म. फूंऽऽ! थुंकी उडाली, जीबी हलला नाही.

"हवा दमट आहे," महाराज पुटपुटले.

मी कापड वर केलं. खाली कोरा करकरीत दुसरा कॉम्प्युटर आणि पायाने दाबायचं बटण! मी ते दाबलं. टक्! पडदा आणि डिस्क दोन्ही नव्या कॉम्प्युटरवर गेले. जवळपास तीन टीबी दिसले आणि आत भाऊजींचे सगळे कप्पे. ताईने एक उघडून त्यातलं शूटिंग लावलं.

"अगं, कॅमेऱ्याकडे नको, माझ्याकडे बघ," भाऊजी म्हणाले.

ताई हसता हसता रडू लागली. मलाही आवरेना.

मग मी माइक हिसकावला. डिस्कच्या सुरुवातीला खरंच एक वाटणीपत्र असतं: कुठला भाग कुठून सुरू, केवढा मोठा. जुन्या पद्धतीत त्या आकड्यांना ठरावीक घरं आहेत. दोन टीबीच्या पुढचा आकडा त्यात मावत नाही, मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. कंपनीचे तीन टीबी कॉम्प्युटरच्या मापाने पावणेतीनच्या आसपास भरतात, त्यातून दोन गेले आणि उरलेले साडेसातशे जीबी तेवढे दिसले. स्कूटरचा मीटर फिरून शून्यावर आला, म्हणून स्कूटर नवी होते का? नव्या पद्धतीत घरं जास्त आहेत, नवा कॉम्प्युटर ती वाचतो; जुन्याला ती वाचता येत नाहीत, म्हणून तो भरलेली डिस्कही कोरी समजतो.

"मग आधी शुद्धी कशाला?" कुणीतरी विचारलं.

"फोटो दाखवले, तर घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर पुन्हा गायब होणार आणि लोक तक्रार घेऊन दारात येणार. कोरी डिस्क तक्रार करत नाही, फोटो बाधेने खाल्ले म्हणून सांगता येतं."

महाराज मागच्या दाराने सटकले होते. गर्दीतून ताईचा दीर पुढे आला. खिशात पेनड्राइव्ह होता, म्हणजे तोही फुंकर घ्यायलाच आला होता!

"वहिनी, नवा कॉम्प्युटर मी नेला, त्याचाच हा दोष," तो खाली मान घालून म्हणाला.

"मग आणून ठेव की!" ताई डोळे पुसत म्हणाली. "आणि येशील तेव्हा जेवायलाच ये."

तेव्हा मंडळी, यंत्र अडलं तर त्याला काय येत नाही ते विचारा. 'कोरी करू का' असं विचारलं, तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय 'हो' म्हणू नका. प्रत काढून ठेवा. आणि फुंकर? ती गरम चहावर मारा, तिथे तिचा उपयोग होतो.