पान धरणारा चिमटा

पान पहिले

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चिमटा आहे. कपडे वाळत घालायचा. लाकडाच्या दोन चपट्या पट्ट्या आणि मध्ये तारेची एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. कारखान्यातून पिशवीत, पिशवीतून दुकानात आणि दुकानातून मी एका बाल्कनीतल्या दोरीवर आलो. तिथे मी बरीच वर्षे मोजे, टॉवेल आणि एक काळा सदरा धरला. तो सदरा घरातल्या बाबांचा होता. बाबा क्लॅरिनेट वाजवत. त्यांचा छोटासा बँड उन्हाळाभर गावोगाव फिरे आणि उघड्या मैदानांवरच्या संगीत महोत्सवांत वाजवी. त्यांची मुलगीही त्याच बँडमध्ये अ‍ॅकॉर्डियनवर होती.

बँडची एक रीत होती. मंचावर कागद न्यायचा नाही. सगळे पाठ हवे. ही रीत बाबांनीच घालून दिली होती. कोणी कागद काढला की ते म्हणायचे, "बघून वाजवणं म्हणजे स्वतःच्याच घरी पत्ता विचारत जाणं!" ड्रम वाजवणाऱ्या पोराने, ज्याला सगळे ठोक्या म्हणत, एकदा तळहातावर गाण्यांचा क्रम लिहून आणला, तर बाबांनी त्याला सगळ्यांदेखत हात धुवायला लावले.

एका उन्हाळ्यात दौऱ्याला निघण्याआधी बाबा बाल्कनीत आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, मला दोरीवरून काढले आणि खिशात टाकले. मला वाटले, नशीब उघडले.

पान दुसरे

मित्रांनो, मैदानावरचा मंच दुरूनच छान दिसतो. जवळ गेलात तर ऊन थेट डोळ्यांत येते. क्लॅरिनेट तापते आणि सूर चढतो. पलीकडच्या मंचावरचा दणदणाट आपल्या गाण्यात घुसतो. मागे चिखलात फळ्या टाकलेल्या असतात, जेवण उभ्यानेच उरकायचे. आणि वारा. वाऱ्यामुळेच तर कागदवाल्या वादकांना चिमटा लागतो.

बाबांनी स्टँड उभा केला, त्यावर दोन पाने ठेवली आणि मला वर लावले. ठोक्या बघतच राहिला.

"काय काका, पत्ता विचारायला लागलात?"

"नवी चाल आहे. तू तुझं बघ."

चाल नवी नव्हती. मुलगी जन्मली तेव्हा त्यांनी ती बांधली होती. मुलीने कागदाकडे पाहिले, मग बाबांकडे, आणि अ‍ॅकॉर्डियनचे पट्टे उगाचच घट्ट केले. कागद कशाला लागतो हे बँडला कळले, तर बाबा घरी बसणार होते.

पहिले पान संपले की बाबा एक श्वास घ्यायचे, मला दाबून पान मागे सारायचे आणि मला परत लावायचे. कार्यक्रम झाला की मला पुसून म्हणायचे, "तूच माझा खरा." तेवढ्यावर मी उन्हाळा काढला.

हंगामाच्या शेवटच्या महोत्सवात वारा पिसाळला. स्टँड डुलू लागला. मी जबडा आवळून दोन्ही पाने धरली. पहिले पान संपले. बाबांनी श्वास घेतला. हात मात्र माझ्याकडे आला नाही.

पान पहिले

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चिमटा आहे. बाबांनी पुन्हा वरून सुरुवात केली. मुद्दाम घेतायत, असे वाटून लोक जास्तच नाचू लागले. ठोक्यानेही ठेका सोडला नाही.

पान पहिले

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चिमटा. ठेका अडखळला. "काका, पुढे! पुढे चला!" ठोक्या ओरडला. बाबांनी मान डोलावली आणि

पान पहिले

मित्रांनो, मी एक

अ‍ॅकॉर्डियन थांबले. मुलगी पुढे आली, तिने मला दाबले आणि पान सारले. बाबांनी क्लॅरिनेट ओठांतून काढले. समोर माइक होता.

"हात लावू नकोस! कोण गं तू?"

सगळ्या मैदानाने ते ऐकले. मैदान हसले. त्यांना तो ठरवून केलेला विनोद वाटला. मुलगीही हसली आणि माइकशी वाकून म्हणाली, "तुमचीच मुलगी, बाबा. आता दुसरं पान घ्या ना."

बाबांनी घेतले. एक सूर चुकला नाही. पण परतीच्या गाडीत ठोक्याने कोणाचीच थट्टा केली नाही, तेव्हा मी समजलो, बँडला कळले होते.

पान शेवटचे

क्लॅरिनेट आता कपाटावर आहे. स्टँडवर टॉवेल वाळतात. मी मात्र अजून कामावर आहे. बाबा बाहेर पडायचे म्हणाले की मुलगी मला त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला लावते. माझ्या जबड्यात एक कागद असतो. त्यावर सूर नाहीत, घराचा पत्ता आहे.

कधी बाबा रस्त्यात थांबतात, मान खाली घालून तो वाचतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात. माणसे बाजूने निघून जातात. मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही, चिमटे दुकानात ढिगाने मिळतात. पण काळ्या सदऱ्यातला असा कोणी भेटला तर थांबा. आणि वारा असला तर बोटाने कागद दाबून धरा. माझी स्प्रिंग आता सैल झाली आहे.