उमाजीबाबांचा आवाज आणि मी

मित्रांनो, मी एक डबा आहे. हे ऐकून कुणाला लाडू आठवले असतील तर बिचाऱ्याचा काही दोष नाही, पण माझ्यात खायचं काही मिळणार नाही. मी इंटरनेट फोनचा डबा. तळहाताएवढा, काळा, पुढे चार हिरवे दिवे आणि दोन्ही कडांना हवा खेळायला बारीक फटी. एका बाजूनं माझ्यात इंटरनेटची तार शिरायची, दुसऱ्या बाजूनं साध्या फोनची. अमेरिकेतलं माणूस बोललं की त्याचा आवाज मी हैदराबादेत काढून द्यायचो, आणि इथला तिकडे न्यायचो. आता माझे दिवे विझलेत आणि माझा मुक्काम माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे. इथं झुरळांशिवाय बोलायला कुणी नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते प्रणिताच्या बॅगेतलं. प्रणिता न्यू जर्सीतल्या एका इस्पितळात नर्स होती. २००६ च्या जुलैत ती सुट्टीवर घरी आली, तेव्हा मला पायमोज्यांत गुंडाळून घेऊन आली. घर म्हणजे बरकतपुऱ्यातल्या एका अपार्टमेंटचा पहिला मजला. तिथं तिचे आईवडील राहायचे, जयवंताबाई आणि उमाजीबाबा. मूळचे नांदेडकडचे. उमाजीबाबांनी विद्यानगरजवळच्या विद्यापीठात, परीक्षा विभागाच्या खिडकीत तीस वर्षं काढलेली. पोरांची नावं पुकारून पुकारून त्यांचा आवाज असा खणखणीत झाला होता की त्यांनी जिन्यात कुणाला हाक मारली तर तिसऱ्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघायचे.

त्या इमारतीत घरं सहा आणि इंटरनेट एकच. वरच्या मजल्यावरच्या रितेशनं ते घेतलं होतं. तो हायटेक सिटीत कॉम्प्युटर इंजिनियर होता. जिन्यात मीटरच्या फळीशेजारी त्यानं स्विच नावाची एक पेटी ठोकली होती आणि तिच्यातून निळ्या तारा बाल्कन्यांमधून सहाही घरांत सोडल्या होत्या. त्यातलीच एक माझी.

दर रविवारी सकाळी आठला प्रणिताचा फोन यायचा. आधी जयवंताबाई बोलायच्या. मग समोरच्या सुलभाताई, कारण प्रणिता लहानपणी निम्मी त्यांच्याच घरी जेवलेली. मग त्या वेळी जो कोणी चहाला आलेला असेल तो. आणि सगळ्यात शेवटी उमाजीबाबा. घरातल्या मोठ्या माणसानं फोनसाठी पुढे पुढे करू नये, असं त्यांचं मत. ते आपले खुर्चीत पेपर धरून बसायचे. पेपर वाचतायत असं सगळ्यांना वाटायचं, पण मला समोरून दिसायचं, पान उलटायचं नाही. त्यांच्या हातात फोन येईपर्यंत पंधरा मिनिटं सहज गेलेली असायची.

आता माझ्या अंगरख्याची गोष्ट. जयवंताबाईंच्या घरात उघडं असं काही नव्हतं. टीव्हीला झालर, मिक्सरला टोपडं, गॅसच्या सिलिंडरलासुद्धा परकर. लेकीनं परदेशातून आणलेली वस्तू तशीच कशी ठेवायची? त्यांनी बेगम बाजारातून निळं मखमली कापड आणलं, आतून कापसाचा पातळ थर दिला, कडेला पांढरी लेस लावली, तारांपुरती भोकं ठेवली आणि मला घातलं. येणारं-जाणारं कौतुक करायचं. खोटं कशाला बोलू, मीही फुशारलो होतो.

पण माझ्या फटी बुजल्या हो. हवा आत येईना. गप्प असलो तर निभायचं, बोलणं सुरू झालं की मी तापायचो. दहा-बारा मिनिटं कशीबशी काढायचो आणि मग माझं डोकं फिरायचं. शब्द गळायचे, आवाज तुटायचा, खरखर व्हायची. नेमका तेव्हाच फोन उमाजीबाबांच्या हातात असायचा.

डिसेंबरापासून प्रणिता दर रविवारी तेच म्हणू लागली. बाबांचा आवाज फाटका येतो, काही कळत नाही, लाईन बघून घ्या. मग काय, सगळी इमारत लाईनीच्या मागे लागली. रितेशनं माझी तार बदलली. स्विच बदलला. सिनेमे उतरवून घेणाऱ्यांमुळे असं होत असेल म्हणून सहाही घरांनी ठरवलं की रविवारी आठ ते नऊ कुणी कॉम्प्युटर लावायचा नाही. मित्रांनो, लोकांनी ते चार महिने पाळलं. असे शेजारी मिळायला भाग्य लागतं. रितेश मला तपासायला आला की जयवंताबाई आधी माझा अंगरखा काढून घडी करून ठेवायच्या, माझे दिवे त्याला दिसावेत म्हणून. त्याचा चहा होईपर्यंत मी गार व्हायचो. मग तो एखाद्या मित्राला फोन लावायचा, दोन मिनिटं बोलायचा आणि सांगायचा, काकू, एकदम साफ आहे, परेशान होऊ नका. तो गेला की अंगरखा परत माझ्या अंगावर.

आणि इकडे उमाजीबाबांचा घसा बसलेला होता. तिकडे ऐकू जात नाही म्हणून ते दर रविवारी ओरडून बोलायचे. घरात सगळ्यांना वाटायचं, ओरडून ओरडून घसा गेलाय, लाईन नीट झाली की आपोआप बरा होईल. जयवंताबाई ज्येष्ठमध द्यायच्या, मिठाच्या गुळण्या करायला लावायच्या. म्हणजे बघा, तिकडे लेकीला वाटायचं आवाज लाईनीमुळे खराब येतो आणि इकडे बायकोला वाटायचं घसा लाईनीमुळे बसला. दोघींनी मिळून सगळा दोष माझ्यावर टाकला होता. खरखर माझी किती आणि त्यांची किती, हे फक्त मला ठाऊक होतं. त्यांचा आवाज माझ्यापर्यंत यायच्या आधीच चिरलेला असायचा. पण मी दुसऱ्याचं बोलणं नेणारा. माझं स्वतःचं एक वाक्य मला बोलता येत नाही. तेव्हा मला माझीच फार चीड आली होती.

एप्रिल सरत आला. बुद्धपौर्णिमेच्या आधी जयवंताबाईंनी घर धुऊन काढलं. झालरी, टोपडी, परकर, सगळं बादलीत गेलं आणि त्यात माझा अंगरखाही. रविवारी आठला फोन वाजला तेव्हा तो बाल्कनीतल्या दोरीवर वाळत होता.

त्या दिवशी मी किती सुखानं बोललो म्हणून सांगू! जयवंताबाई बोलल्या, सुलभाताई बोलल्या, अर्धा तास झाला तरी एक अक्षर गळलं नाही. प्रणिता तिकडे खूश. जिन्यात उभा असलेला रितेश खूश. मग उमाजीबाबांनी फोन घेतला. "जय भीम, बेटा," म्हणाले, जेवलीस का विचारलं, उन्हाळा फार आहे म्हणाले.

तिकडून काहीच आवाज येईना. त्यांना वाटलं, तुटला फोन. त्यांनी दोनदा हॅलो हॅलो केलं. मग प्रणिता हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आईला द्या." आणि जयवंताबाईंना तिनं विचारलं, "आई, लाईन तर नीट आहे. मग बाबांचा आवाज असा का?"

प्रणितानं पुढचं सगळं नर्ससारखं विचारलं. किती महिने झाले, गिळताना दुखतं का, वजन उतरलंय का. आणि म्हणाली, उद्याच्या उद्या डॉक्टर.

डॉक्टरांनी घशातला तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. चार-पाच महिने आधी आला असतात तर किरणांच्या उपचारांवर भागलं असतं, म्हणाले. आता स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशन सोमवारी ठरलं. प्रणिताचे व्हिसाचे कागद अडकले होते, कितीही धावपळ केली तरी ती त्यानंतर आठ दिवसांनी पोचणार होती. म्हणजे बापाचा आवाज तिला समोर बसून पुन्हा कधी ऐकायला मिळणार नव्हता. मधे होता एक रविवार, आणि मी.

शनिवारी जयवंताबाई प्रणिताशी व्हिसाबद्दल बराच वेळ बोलून फोन ठेवत होत्या, तेवढ्यात रितेश मला तपासायला आला. जयवंताबाईंनी सवयीनं माझ्यावरचा धुतलेला अंगरखा काढला. या वेळी चहाची वाट न बघता रितेशनं मला हातात घेतलं आणि चटका बसल्यासारखं खाली ठेवलं. त्यानं त्या मखमलीकडे बघितलं आणि विचारलं, काकू, हे यावर रोज असतं? त्या हौ म्हणाल्या, आणि त्यांना समजलं. रितेश बराच वेळ म्हणत राहिला की काकू, तुम्हाला काय माहीत, इंजिनियर असून मला कळलं नाही. त्या ऐकत नव्हत्या. रात्री कात्रीनं त्यांनी त्या कापडाच्या चिंध्या केल्या.

रविवारी आठला सहाही घरांचे कॉम्प्युटर बंद होते. सुलभाताई आल्या, पण दारातच थांबल्या. रितेश स्विचपाशी जिन्यात जाऊन बसला. फोन वाजला आणि जयवंताबाईंनी तो न उचलता नवऱ्याकडे सरकवला. पहिल्यांदाच. मग त्यांनी पेपरची घडी घातली आणि माझ्याजवळ उभं राहून मला वारा घालू लागल्या.

प्रणिता रडत होती. नर्स असून मला ओळखता आलं नाही बाबा, दर रविवारी ऐकत होते, रोज असे पेशंट बघते आणि तुमच्या वेळी लाईन लाईन करत बसले, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. इकडे वारा घालणाऱ्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उमाजीबाबांनी दोघींना पोटभर रडू दिलं. मग घसा खाकरला. त्यांना एकेक शब्द दुखत होता.

"पनू, ऐक. तुझी चूक नाही. तुझ्या आईचीही नाही. लाईन खराब होती. तो डबाच खराब आहे. दोघींनी त्यालाच शिव्या द्या आणि मोकळ्या व्हा."

मित्रांनो, माझ्यावरचा तो ठपका मीच उचलला आणि समुद्रापार नेऊन दिला. एकही अक्षर गळू दिलं नाही. जन्मात इतकं नीट काम मी दुसरं केलं नसेल. त्यानंतर ते चाळीस मिनिटं बोलत राहिले आणि जयवंताबाईंचा हात एकदाही थांबला नाही.

ऑपरेशन झालं. प्रणिता आली, महिनाभर राहिली, गेली. उमाजीबाबा पुढे बरीच वर्षं जगले, पाटीवर लिहून बोलायचे. रविवारचे फोन मी आणखी काही वर्षं नेले, मग मोबाईलवरच बोलणी होऊ लागली आणि मला पेटीत टाकलं. माझं काही म्हणणं नाही.

एक विनंती तेवढी आहे. आमच्यासारख्यांना उघडं ठेवा, धूळ बसली तर पुसा, हे तर आहेच. पण घरात कुणाचा आवाज बदलला, तर दोष खुशाल डब्याला द्या, आम्ही घेतो. फक्त त्याच दिवशी त्या माणसाला घेऊन डॉक्टरकडे जा.