बिनपक्षाच्या वायरमनची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. बांबूची, काथ्याने बांधलेली, खालून तिसरी पायरी एकदा बदललेली. माझ्यासारखीला एकटीने उभे राहता येत नाही. वर टेकायला भिंत किंवा खांब लागतो आणि खाली धरायला माणूस लागतो.

एका वायरमनने मला विकत घेतले, पण राबले मी अख्ख्या गल्लीसाठी. कोणाच्या पत्र्यावर चेंडू अडकला, कोणाची टाकी तुंबली की माझी आठवण व्हायची. मला धरायचे काम समोरच्या शिंप्याचे. गळ्यात टेप अडकवून तो यायचा. "उतर लवकर, गिऱ्हाईक खोळंबलंय," अशी कुरकुर करायचा, पण वायरमनचा पाय जमिनीला लागेपर्यंत मला सोडायचा नाही. फार सुखाचे दिवस होते ते.

मग निवडणूक आली. गल्लीत छत्रीवाले आणि किल्लीवाले असे दोन तट पडले. दोघांचेही झेंडे माझ्यावरच चढून बांधले गेले. बांबूला कसला आलाय पक्ष! घराघरावर काही ना काही फडकू लागले. एकट्या वायरमनचे घर तेवढे मोकळे राहिले.

शिंपी छत्रीचा झाला होता. त्याने विचारले, "तुझे वडील जन्मभर आमच्याबरोबर होते. तू कोणाचा?"

"कोणाचाच नाही. दर वेळी काम बघतो, मग ठरवतो. आणि काय ठरवलं ते बायकोलाही सांगत नाही."

"खरंय," आतून बायको म्हणाली. "भाजी कोणती आणणार तेही सांगत नाहीत."

शिंपी हसला नाही. "म्हणजे तू किल्लीचा," असे म्हणून तो निघून गेला. शेजारचा दूधवाला किल्लीवाला. त्याने तेच उत्तर ऐकले आणि वायरमनला छत्रीच्या खात्यात टाकले. हळूहळू वायरमन समोर आला की गल्ली तोंड फिरवू लागली. माणसे इतकी झटपट परकी होतात, हे मला तेव्हा कळले.

अशातच कोपऱ्यावरचा दिवा गेला. अंधारात एक म्हातारी ठेचकाळून पडली, तसे वायरमनने मला खांबाला लावले आणि हाक मारली, "जरा धर रे!"

शिंप्याने मशीनवरची मान वर केली नाही. "तुझ्या किल्लीवाल्यांना सांग."

दूधवाला रस्त्यावर कॅन धूत होता. "छत्रीवाले आहेत की तुझे," तो म्हणाला.

"बरं, चढतो तसाच."

मला ओरडता आले असते तर! कॅन धुतलेले पाणी वाहत माझ्या पायाशी आले होते. मी सरकले आणि वायरमन पाठीवर पडला. तेव्हा मात्र दोघेही धावले. पण त्याचे कमरेखालचे अंग गेले ते गेलेच.

मतदानाच्या दिवशी दारात दोन गाड्या आल्या, एक छत्रीची, एक किल्लीची. शिंपी खाली बघत म्हणाला, "बस ना. सांभाळून नेतो."

"बसलो की उद्या म्हणाल, आमचाच होता. नको."

वायरमनच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने माझ्यावर गोधडी बांधली. बायकोला रडू फुटले. "जिवंत माणसाला असं आडवं कोणी नेतं का?"

"मेल्यावर नेतातच की. पण तेव्हा मत देता येत नाही," तो म्हणाला.

पुढे बायको, मागे मुलगी. चार घरे गेली की त्या मला खाली टेकवत, हात चोळत आणि पुन्हा उचलत. गल्ली दारादारांत उभी राहून बघत होती. एकदा मुलीचा हात सुटता सुटता राहिला. शिंपी दोन पावले पुढे आला. मग त्याने आपल्या छत्रीवाल्यांकडे पाहिले आणि तो तिथेच थांबला.

केंद्राच्या दारात मला ठेवून वायरमनला खुर्चीवरून आत नेले. त्याने मत कोणाला दिले, ते मला आजही ठाऊक नाही.

आता मी परसात पडून असते. काथ्या कुजला आहे. कोपऱ्यावरचा दिवाही बंदच आहे. छत्रीवाले म्हणतात किल्लीवाल्यांनी लावावा, किल्लीवाले म्हणतात छत्रीवाल्यांनी.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. हवा तो पक्ष निवडा, नको असेल तर एकही निवडू नका. पण कोणी शिडीवर पाय ठेवताना दिसला, तर तो कोणाचा हे विचारत उभे राहू नका. आधी जाऊन शिडी धरा.