वाईनचं ताक

दोन हजार एकवीस साल. माणसं मास्क हनुवटीला अडकवून एकमेकांच्या घरी जायची, तेव्हाची ही गोष्ट.

कागलच्या बाजारात शांतव्वाचं सुक्या मिरचीचं दुकान होतं. नवऱ्यामागं तिनं ते एकटीनं चालवलं आणि लेकीला, सौंदर्याला, इंजिनियर केलं. पंचतारांकित एमआयडीसीत दुधाचं फॅट मोजायची यंत्रं करणारा एक कारखाना होता. त्या यंत्रातल्या चिपचे प्रोग्राम सौंदर्या लिहायची. लॉकडाऊनपासून ती घरूनच काम करी, आणि तेव्हापासून शांतव्वाच्या जिवाला घोर लागला होता. दाराआडून लेकीचं फोनवरचं बोलणं कानावर यायचं.

"सकाळीच वाईन टाकली." "जुनीच बरी हुती बघ, नवी वाईन मानवत न्हाय."

लिंगायताचं घर, गळ्यात इष्टलिंग. शांतव्वा कुणाला सांगणार? लेक आंघोळीला गेली की ती गादी उचलून बघे, पाण्याच्या बाटलीचा वास घेई. काही सापडलं नाही, म्हणून तर भीती जास्तच वाढली.

अशात निपाणीचं स्थळ आलं. भरमाप्पांची तंबाखूची वखार. मुलगा मृत्युंजय बेळगावात बँकेत. आजवर प्रत्येक फोटो उलटा ठेवणाऱ्या सौंदर्यानं हा फोटो सुलटा ठेवला. शांतव्वानं तेवढ्यावरनं ओळखलं. आता हे जमावं, एवढंच तिला हवं होतं.

मुलगी बघायला आलेल्या पाव्हण्यांनी पोह्यांना हात घातला आणि आत फोन वाजला. कारखान्यातला विश्वजित कामात कुठंतरी अडला होता. त्याला ऐकू येईना, म्हणून सौंदर्या ओरडून बोलली, "अरे, वाईन टाकल्याशिवाय चालणारच न्हाय ते! मी टाकली, तर कसं झकास चाललंय!"

भरमाप्पांचा चमचा बशीतच थांबला.

"अक्का, आमच्यात खोकल्याचं औषधबी वास घिऊन घेत्यात. हे काय ऐकतोय मी?"

शांतव्वानं हात जोडले. "लहान हाय हो. सुटंल सवय. बाप न्हाय, माझंच लक्ष कमी पडलं."

सौंदर्या दारात आली. "काय सुटंल, अव्वा?"

"दारू! दुसरं काय?"

सगळ्यांत आधी मृत्युंजय हसला. सौंदर्याला मात्र हसावं की रडावं कळेना. ती खाली बसली आणि सांगू लागली. चिपचा प्रोग्राम तयार करायचं हत्यार, म्हणजे सॉफ्टवेअर, विंडोजसाठीच केलेलं. तिचा जुना लॅपटॉप विंडोजच्या ओझ्यानं गुदमरायचा, म्हणून त्यात विंडोजच्या जागी हलकं लिनक्स होतं. आणि विंडोजच्या हत्याराचं बोलणं लिनक्सला कळत नाही. मध्ये बसून जो त्याला ते समजावतो, त्या प्रोग्रामचं नाव वाईन.

"म्हंजे दुभाष्या," भरमाप्पा म्हणाले.

"व्हय, मामा."

"मग दुभाष्याला दारूचं नाव कशाला?"

"मी न्हाय ठेवलं."

"ते खरं. पर उद्या माझ्या दारात उभारून सून वाईन टाकली म्हणाली, तर गल्लीत घरोघरी लिनक्स सांगत कोण हिंडणार?"

शांतव्वानं पदराचं टोक तोंडात धरलं. सौंदर्या उठली, लॅपटॉप आणून पोह्यांच्या बशांमध्ये ठेवला आणि वाईनला दुसरं नाव देणारी एक ओळ टाईप केली.

"आता ह्याला ताक म्हणलं तरी कळतंय." तिनं 'ताक' लिहून बटण दाबलं. हत्यार उघडलं.

"चढत न्हाय न्हवं?" मृत्युंजयनं विचारलं.

"दुपारची झोप येती फक्त."

भरमाप्पांनी चमचा उचलला. "ताक चालतंय की. अक्का, थोडं लिंबू आणा."

मार्गशीर्षात लग्न झालं. भरमाप्पा त्यानंतर दोन वर्षं होते; सुनेच्या खोलीवरून जाताना "ताक टाकलं का, बाळ?" असं विचारल्याशिवाय पुढं जात नसत. विश्वजित पुण्याला गेला. जाताना कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर तो सौंदर्याचं ताक टाकून गेला, आणि तिथली नवी मुलं आजही तोच शब्द टाईप करतात. का, ते कुणाला ठाऊक नाही. मृत्युंजयची बदली निपाणीतच झाली. सौंदर्याकडं आता नवा लॅपटॉप आहे, त्यात दुभाष्या लागत नाही.

शांतव्वाला सगळं पटलं आहे. तरी लेक माहेरी आली की ती न्हाणीघरात जाईपर्यंत शांतव्वा थांबते आणि तिच्या बाटलीचा एकदा वास घेते.