तापायच्या आधी बोललेला रेडिओ

बटण दाबल्याबरोबर रेडिओ बोलला, आणि चाळीस माणसं एकदम पुढे झुकली.

"आई, ऐकू येतंय ना? मी आलेय."

रेडिओकाकांच्या बायकोनं त्यांचं मनगट असं धरलं की नखं रुतली. आवाज त्यांच्या लेकीचाच होता. दीड वर्षापूर्वी अपघातात गेलेल्या लेकीचा. वाक्य संपलं की किंचित दम घ्यायची तिची सवयसुद्धा जशीच्या तशी.

जागा म्हणजे बंद पडलेल्या थिएटरची बाल्कनी. खिडक्यांना काळे पडदे आणि दाराला आतून कडी. बैठक संपेपर्यंत कडी काढायची नाही, आत्मा वाऱ्याबरोबर निसटतो म्हणे. मधोमध टेबलावर जुना लाकडी रेडिओ, आणि त्याच्याशेजारी ध्वनिगुरू, गुळगुळीत दाढीचे आणि त्याहून गुळगुळीत जिभेचे.

गुरूंचं म्हणणं असं की, आवाज मरत नाही, तो नुसता स्टेशन बदलतो. येणाऱ्या प्रत्येकानं फोन खाली टोपलीत ठेवायचा, आणि तोही लॉक उघडून, कारण आत्म्याला आत यायला वाट नको का? लोक निमूट ठेवत. शेजाऱ्याला घराची किल्ली न देणारी माणसं, पण इथं सगळं आयुष्य टोपलीत टाकून वर यायची.

काकांची हयात रेडिओ दुरुस्त करण्यात गेली होती. एका सेटभोवती सगळी गल्ली बसायची, तेव्हापासूनची. त्यांची आत्या रेडिओच्या मागं जाऊन बोलणारा माणूस शोधायची आणि सगळे तिला हसायचे. मग टीव्ही आला, बातम्या देणारा आपल्याला बघतोय असं वाटून तीच आत्या केस नीट करायची. पुढं ज्याच्या त्याच्या कानात इअरफोनची बोंडं आली, गल्ली पांगली आणि काकांच्या दुकानात पंखे आणि मिक्सर यायला लागले. आज इतक्या वर्षांनी एका रेडिओभोवती पुन्हा चाळीस माणसं जमली होती, पण मागं जाऊन बघणारी आत्या काही त्यांच्यात नव्हती.

"आई, सोमवारी ऑपरेशन करून घेऊ नकोस," आवाज म्हणाला. "मी तुला बरं करते."

डॉक्टरांनी हृदयाच्या ऑपरेशनची तारीख देताना बजावलं होतं की, आता दिवस पुढं ढकलले तर माझ्या हातात काही राहणार नाही. तीन आठवडे बायको या बैठकांना येत होती आणि काका तिला समजावत होते, पण पालथ्या घड्यावर पाणी. आज ती एका अटीवर बोलायला तयार झाली होती: तुम्ही स्वतः येऊन ऐका. आणि ऐकल्यावर काका पुरते अडकले होते. त्यांनाही तो आवाज हवा होता. तो खोटा ठरवायचा म्हणजे लेक पुन्हा एकदा घालवायची, आणि तीही स्वतःच्या हातानं.

गुरूंनी रेडिओ बंद केला, मंत्र पुटपुटले आणि पुढच्या आत्म्यासाठी बटण दाबलं. रेडिओ लगेच बोलला.

तेव्हा काकांच्या डोक्यात लख्ख झालं. व्हॉल्व्हचा रेडिओ लगेच बोलतो कुठं? आधी आतले दिवे तापायला हवेत. निदान अर्धं मिनिट जातं, तापल्या धुळीचा वास येतो, मग कुठं आवाज. काका उठले आणि त्यांनी लाकडावर तळहात ठेवला. तासभर चाललेला सेट थंडगार होता. त्यांनी वाकून भिंतीतला प्लग उपटला.

रेडिओ बोलतच राहिला.

कुणीतरी हात जोडले. "विजेशिवाय!" गुरू गरजले. "बघा, आत्म्याला वीज लागत नाही!" लोक रडायला लागले. काकांनी कपाळावर हात मारला. गेले होते पितळ उघडं पाडायला आणि गुरूंना नवा चमत्कार देऊन बसले.

त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, तेव्हा दोघांनी त्यांचे दंड धरले. सेट उघडला तर आत्मे मरतील, असं गुरूंनी जाहीर केलं होतं. काकांनी बायकोकडं पाहिलं.

"सोडा त्यांना," ती म्हणाली. "ते वस्तू मोडत नाहीत. नुसती उघडतात."

मागची फळी निघाली. आत ना व्हॉल्व्ह ना तार, नुसतं पोकळ खोकं, आणि त्यात मुठीएवढा स्पीकर, निळा दिवा लुकलुकणारा. हा आत्म्यांचा टॉवर आहे, असं गुरू सांगायला लागले. पण असल्या बिनतारी स्पीकरला आवाज जवळच्याच यंत्रातून येतो, हे काकांना ठाऊक होतं. चार पावलांवर जुनी प्रोजेक्टरची केबिन होती. त्यांनी दार ढकललं.

आत गुरूंचा मेहुणा कॉम्प्युटर घेऊन बसला होता. त्याची पाचावर धारण बसली. खालच्या टोपलीतल्या फोनमधून उचललेले, मेलेल्या माणसांचे आवाजी निरोप पडद्यावर ओळीनं मांडलेले होते. ते ऐकून यंत्र आवाज शिकायचं आणि मेहुणा टाइप करेल ते त्या आवाजात बोलायचं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जमात! लेकीच्या निरोपांखाली पुढचं वाक्य तयार होतं: 'आई, बाबांना इथे आणत जाऊ नकोस.'

काकांनी मेहुण्याला उठवलं आणि स्वतः बसले. एक ओळ टाइप केली की झालं. 'आई, ऑपरेशन करून घे.' बायकोनं लगेच ऐकलं असतं. जीव वाचला असता, शिवाय लेकही राहिली असती. बोट हवेतच थांबलं. पण मग त्यांच्यात आणि या मेहुण्यात फरक तो काय?

त्यांनी एका बोटानं सावकाश टाइप केलं. बाल्कनीत लेकीचा लाडका, दम घेणारा आवाज घुमला:

"दुरुस्तीला दिलेली वस्तू तीस दिवसांत न नेल्यास दुकान जबाबदार नाही."

काका बाहेर आले. बायको स्पीकरकडं बघत होती. दुकानाच्या पावतीवर छापलेली ती ओळ तिला पाठ होती.

"हे तुम्ही बोललात," ती म्हणाली.

"हो."

"आणि आधीचं?"

काकांनी केबिनकडं बोट दाखवलं. तिला हुंदका फुटला. दीड वर्षात तिला असं रडताना काकांनी पाहिलं नव्हतं. तेही रडले. मग तिनं डोळे पुसले, उठून दाराची कडी काढली आणि आधी खाली जाऊन टोपलीतला आपला फोन घेतला. तिच्या मागोमाग बाकीचे धावले.

ऑपरेशन सोमवारी झालं. ते पोकळ खोकं आता काकांच्या दुकानात, मागची फळी काढून ठेवलेलं आहे. जाऊन बघा. आणि उद्या एखादा ओळखीचा आवाज तुम्हाला काही करायला सांगेल, मग तो मेलेल्याचा असो की जित्याचा, तर आवाज कुणाचा एवढ्यावर थांबू नका. बोलतंय कोण, ते मागं जाऊन बघा. आत्या काही वेडी नव्हती.

काकांची बायको लेकीचा शेवटचा निरोप अजून कधीतरी लावते. 'आई, पोचले गं. तुम्ही जेवून घ्या.' तेवढाच आहे. पण तेवढा तिचा आहे.