सी प्लस प्लस शिकलेली मुलगी

पूर्वी मुलगी पाहताना म्हणायचे, चालून दाखव, सुईत दोरा ओव. माझ्या धाकट्या बहिणीला, लताला, धुळ्याच्या लोकांनी कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायला लावला. शहाण्णव सालची गोष्ट आहे, पण आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

जळगावात रतिलालभाऊंचा कॉम्प्युटर क्लास होता. आधी पाटीवर नुसतं 'सी' होतं. ती भाषा म्हणे जुनी झाली, म्हणून भाऊंनी पेंटर बोलावून पुढे अधिकची दोन चिन्हं रंगवून घेतली, 'सी प्लस प्लस' केलं आणि फी वाढवली. शिकवायचे मात्र तेच जुनं. मी नशिराबादला दिलेली, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. लता मात्र जीव लावून शिकत होती. धुळ्याचं स्थळ आलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, त्यांच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटर आहे ना? आहे, आणि तो सुनेनंच चालवायचा, असं कळल्यावर ती हो म्हणाली.

"अक्का, मला त्या मशीनवर बसायचंय," मला म्हणाली. "नवरा काय, फोटोत बरा दिसतो."

कामाची सून मिळते म्हणून त्या लोकांनी हुंड्यातल्या स्कूटरचा हट्टही सोडला. फक्त मुलगी धुळ्याला आणा म्हणाले, कारण मशीन काही हलवता येत नाही. उलटी गंगा नाही तर काय! पण आमचे वडील, आबा, पडले गरीब स्वभावाचे, ते तयार झाले.

आम्ही एसटीनं गेलो. पोहे झाले. मग मगन, म्हणजे नवरा मुलगा, इंजिनियर होता, तो म्हणाला, शेतकऱ्याचं नाव आणि कापसाचं वजन घालून पैसे काढणारा प्रोग्रॅम लिहा. लता खुर्चीवर बसली आणि तिच्या पाठीमागे त्यांचं अख्खं घर उभं राहिलं.

पहिल्यांदा मशीननं नुसत्या चुकाच दाखवल्या. लतानं जरा विचार केला, फाइलच्या नावाचं शेपूट बदललं, 'सीपीपी'चं नुसतं 'सी' केलं आणि परत चालवलं. हिशेब बिनचूक आला. मी तर पदराआड हसले, म्हटलं, झालं, पोरगी जिंकली.

मगन म्हणाला, "पण हे सी आहे. आम्हाला सी प्लस प्लस सांगितलं होतं."

त्याचे वडील म्हणाले, "पोर हुशार शे. पन सांगेल एक, निंघनं दुसरं."

आज भाषेत फसवलं, उद्या वयातही फसवाल, इथपर्यंत बोलणं गेलं. रतिलालची लबाडी आमच्या पोरीच्या माथी! मी तोंड उघडणार होते, पण आबांनी डोळे वटारले. शेवटी स्कूटर परत बोलण्यात आली आणि आबांनी ती कबूल केली. ठरलेलं लग्न मोडलं तर लताला पुन्हा कोण विचारील, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

परतीच्या गाडीत लतानं मला समजावलं. दोन्ही भाषा सख्ख्या बहिणीच. जुनीत एखादं काम न सांगता बोलावलं तरी चालतं, नवीला आधी त्याची ओळख करून द्यावी लागते, आणि पडद्यावर काही दाखवायची तऱ्हा निराळी. "चार दिवसांत शिकले असते गं," ती म्हणाली.

लग्न झालं. ऑफिसचं नाव काढलं की सासू म्हणायची, तुला ते नवं येत नाही ना, मग राहू दे.

पुढच्या संक्रांतीला मी धुळ्याला गेले, तर मशीनसमोर मगनचा मामेभाऊ भिकन बसलेला. अमळनेरहून खास बोलावून घेतला होता. स्वयंपाकघरात मी लताला विचारलं, याला येतं का गं ते सी प्लस प्लस?

"नाही. याला सीच येतं, तेही थोडंसं."

"मग याला कसा बसवला?"

"त्याला कुठं कुणी लिहून दाखव म्हटलं? आणि लिहायचंय काय त्याला? त्या दिवशी मी लिहिलेला प्रोग्रॅम आहे ना, त्यावरच चाललंय सगळं ऑफिस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता जाते आणि त्या मगनला विचारते, म्हणून मी उठले. लतानं माझा हात धरून मला खाली बसवलं. मग चहा गाळला, भिकनची कपबशी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तूच नेऊन दे अक्का. मला त्या खोलीत जायचं नाही."